भाषा सर्वांची, बैठकीला कोण?

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने शंभरी ओलांडली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. पुस्तके पुष्कळ आहेत, वाचक रोडावले आहेत आणि ग्रंथपालांच्या पाठीमागे लाकडी खणांमध्ये पिवळी पडलेली कार्डे दाटीवाटीने बसलेली आहेत. शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्या कार्डांची संगणकावर यादी करून देण्याचे मी आपणहून अंगावर घेतले. टंकलेखनाचे काम दीड वर्ष चालले. ते संपल्यावर एक हौस वाटली, की या सगळ्या पुस्तकांच्या नावांमध्ये कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजावे. 'संत' जास्त की 'शिवाजी', 'प्रेम' जास्त की 'स्वयंपाक'? निरुद्योगी माणसाला असले प्रश्न पडतात.

अकरावीतली माझी नात उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे आली होती. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला संगणकशास्त्रात आज पायथन ही भाषा शिकवतात. तिच्या मदतीने मी बारा-पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहिला. पुस्तकांची नावे घे, त्यातले शब्द सुटे कर, मोज आणि यादी दे. यादी आली. तिच्यात 'पुणे' नव्हते. 'महाराष्ट्र' नव्हता. यादीच्या शिरोभागी नुसता 'र' होता, खालोखाल 'त', 'न' आणि 'क' अशी सुटी अक्षरे होती.

दुपारभर मी माझीच चूक शोधत बसलो. गणिताच्या मास्तराला ती सवय असते. शेवटी नातीने एकच शब्द देऊन पाहिला. 'पुणे' म्हणताच यंत्राने दोन तुकडे पुढे केले, 'प' आणि 'ण'. 'महाराष्ट्र' दिले तर पाच तुकडे झाले, 'मह', 'र', 'ष', 'ट', 'र'. उकार, मात्रा, काना आणि जोडाक्षराचा पाय मोडणारी खूण, हे सारे त्याच्या लेखी शब्दाचे भागच नव्हते. स्वल्पविराम जसा दोन शब्दांमधला कचरा, तशी आमची वेलांटी.

"आबा, यात आपली चूक नाही, भाषेचीच आहे," नात म्हणाली.

"भाषेची चूक म्हणजे कोणाची?" मी विचारले. तिला ते सांगता येईना. मलाही येत नव्हते. म्हणून मी शोधायला लागलो आणि गेले वर्षभर या एका प्रश्नाच्या नादाने जे वाचले, त्यातून हा लेख उभा राहिला आहे.

संगणकाची भाषा कोणीतरी करतो, हे आपल्या मनात सहसा येत नाही. मराठी कोणी केली असे आपण विचारत नाही, तसेच हे. पण पायथनला जन्मतारीख आहे आणि जन्मदाताही आहे. गीडो व्हॅन रॉसम हा डच गृहस्थ ॲमस्टरडॅमच्या गणित आणि संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत कामाला होता. १९८९ च्या डिसेंबरात नाताळच्या सुटीत हाताला काही उद्योग हवा म्हणून त्याने ही भाषा रचायला घेतली. त्याआधी त्याच संस्थेत 'एबीसी' नावाच्या, नवशिक्यांना सोपी जावी अशा भाषेवर तो काम करीत असे. तिच्यातले त्याला आवडलेले घेतले, खटकलेले टाकले. नाव अजगरावरून नव्हे, तर बीबीसीवर गाजलेल्या 'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमावरून ठेवले. १९९१ च्या फेब्रुवारीत त्याने हे सारे लोकांसाठी खुले केले. घ्या, वापरा, बदला, पैसे नकोत.

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. आपण जे लिहितो ते यंत्राला कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. पायथनमध्ये लिहिलेला मजकूर आधी एका मधल्या, आटोपशीर रूपात उतरतो आणि मग दुसरा एक प्रोग्राम ते रूप वाचून कामाला लागतो. हा दुसरा प्रोग्राम 'सी' नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला आहे. म्हणजे त्याच्यासाठीही दुभाष्या हवा. लिनक्सवर तो बहुधा 'जीसीसी' असतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसाने तो १९८७ साली पहिल्यांदा सर्वांना खुला केला. माझ्या नातीच्या गृहपाठाखाली असे दोन मजले आहेत आणि दोन्ही मजल्यांवर कुठेही भाड्याची पाटी नाही.

फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल आपल्याकडे दोनच भावना असतात. एक तर ती हलकी असणार, नाहीतर त्यात काहीतरी डाव असणार. इथे दोन्ही खरे नाही. मात्र फुकट याचा अर्थ निर्माल्यासारखे वाटेवर पडलेले, असाही नाही. या भाषांना घरदार आहे, भाऊबंदकी आहे, रुसवेफुगवे आहेत. आमच्या गावच्या गणेशोत्सव मंडळात जे पाहिले त्याहून ते फार वेगळे नाही, फक्त वर्गणीची पावती फाडायला कोणी दारात येत नाही.

भाऊबंदकीचीच एक गोष्ट सांगतो. जीसीसीचा कारभार पुढे फार आवळला गेला. लोक सुधारणा पाठवीत, त्या महिनोन् महिने पडून राहत. १९९७ साली काही जणांनी सरळ वेगळी चूल मांडली. संहिता सर्वांना खुली असल्याने त्यांना कोणी अडवू शकत नव्हते. त्यांनी ती उचलली, 'ईजीसीएस' असे नवे नाव दिले आणि दार उघडे ठेवून काम सुरू केले. दोन वर्षांत नव्या घरात इतकी माणसे आणि इतके काम जमले, की १९९९ च्या एप्रिलमध्ये थोरल्या घराने वेगळ्या चुलीलाच मूळ घर म्हणून मान्यता दिली. वाटणी होऊन पुन्हा एकत्र आलेले, आणि तेही धाकट्याच्या अटींवर, असे कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी याच जीसीसीसाठी एक स्वतंत्र केंद्र चालवले आणि तिच्या आतली रचना उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. आपली काही माणसे त्या तळमजल्यापर्यंत पोहोचली आहेत, हे नोंदवून पुढे जातो.

पायथनमध्ये वेगळीच तऱ्हा होती. तिथे शेवटचा शब्द गीडोचा. १९९५ साली कोणीतरी थट्टेने त्याला 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' अशी पदवी दिली आणि ती त्याला चिकटली. २००० सालापासून बदलाची एक रीत ठरली. ज्याला भाषेत काही बदल हवा त्याने लेखी प्रस्ताव मांडायचा, त्यात कारणे द्यायची, विरोधी मतेही नोंदवायची, सर्वांनी चर्चा करायची आणि अखेर हुकूमशहाने हो किंवा नाही म्हणायचे. हे सगळे प्रस्ताव, अगदी नाकारलेलेसुद्धा, आज कोणालाही वाचता येतात. मी त्यातले शंभरेक वाचले. तक्रार करणाऱ्या माणसाला कारण देऊन 'नाही' म्हणणे ही किती अवघड कला आहे, ते त्यातून कळते. आपल्या कचेऱ्यांमध्ये 'नाही' मिळते, कारण मिळत नाही.

या रीतीतून घेतलेला सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला निर्णय म्हणजे पायथनची तिसरी आवृत्ती. ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि तिने जुने प्रोग्राम सरळ मोडले. कालपर्यंत चालत होते ते आज चालेना. जगभरच्या कंपन्या आणि प्रयोगशाळा हैराण झाल्या. जुन्या आवृत्तीची देखभाल २०१५ साली थांबणार होती, ती मुदत लोकाग्रहास्तव २०२० पर्यंत वाढवावी लागली. एका निर्णयाचे वादळ जवळजवळ बारा वर्षे घोंघावत होते. "काय मिळवलंत यातून?" असे इंग्रजीत लिहिणारे प्रोग्रामर उघड विचारीत.

त्यांना काय मिळाले ते माहीत नाही, आपल्याला काय मिळाले ते मी सांगू शकतो. जुन्या पायथनला 'पुणे' या शब्दाची लांबी विचारली, की नेहमीच्या साठवणुकीत उत्तर येई, बारा. नव्या पायथनला विचारा, ते सांगते चार. प, उकार, ण, मात्रा. आपण पहिलीतल्या मुलाला विचारले तर तो दोन म्हणेल, पण ते असो. बारा म्हणणारे यंत्र शब्द पाहतच नव्हते, ते नुसती साठवणुकीची घरे मोजत होते. इंग्रजीत एका अक्षराला एक घर पुरते, म्हणून तिथे हा घोटाळा कोणाच्या नजरेस येत नसे. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन घरे लागतात. जुन्या आवृत्तीत शब्दामागे वेगळी खूण लावून ही अडचण टाळता येई, पण ती लावायला विसरले, की मराठी मजकुराचा चिवडा. नव्या आवृत्तीने जगातल्या सगळ्या लिप्या पहिल्यापासूनच समान मानल्या. एवढेच नव्हे, प्रोग्राममधल्या राशींची नावेही देवनागरीत ठेवता येऊ लागली. माझ्या प्रोग्राममध्ये 'एकूण' आणि 'पुस्तके' अशीच नावे आहेत. आणखी एक गंमत पाहा. '१२३' हे मराठी आकड्यांत लिहून दिले, तरी पायथन त्याचा अंक करून बेरीज करून देते. वर्गात फळ्यावर मराठी आकडे लिहीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल, ते मी लिहीत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ती मोडतोड योग्य होती. ज्यांना लाभ नव्हता अशा बहुसंख्यांना त्रास देऊन, बैठकीला हजर नसलेल्या अल्पसंख्यांची सोय त्या निर्णयाने केली. बहुमताने मतदान घेतले असते तर हे झाले असते का, याची मला शंका आहे. लोकशाहीवर श्रद्धा असलेल्या माणसाला हे लिहिताना थोडे अवघड वाटते.

पण हुकूमशहा परोपकारी असला तरी माणूसच. २०१८ साली एक प्रस्ताव आला. एका नव्या चिन्हाचा, अपूर्णविराम आणि त्याला लागून बरोबरचे चिन्ह. मान वाकडी करून पाहिले तर वॉलरस या समुद्री प्राण्याचे डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून त्याचे टोपणनावही वॉलरस. या चिन्हाने एखाददुसरी ओळ वाचते, बाकी काही नाही. पण त्यावरून असे रण माजले, की विचारता सोय नाही. गीडो त्या प्रस्तावाच्या लेखकांपैकी एक होता. त्याने तो मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ रोजी सहकाऱ्यांना पत्र लिहून पद सोडले. मजकुराचा आशय असा, की एका प्रस्तावासाठी इतके भांडावे लागावे आणि एवढ्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा नको. आणि पुढचे वाक्य तर मला फारच महत्त्वाचे वाटते. मी वारस नेमणार नाही, असे त्याने लिहिले. तुमची व्यवस्था तुम्हीच लावा.

आपल्या सार्वजनिक जीवनात अध्यक्ष उठत नाहीत. उठलेच तर खुर्चीवर रुमाल टाकून उठतात आणि तो रुमाल बहुधा चिरंजीवांचा असतो. साखर कारखाना असो, शिक्षणसंस्था असो की आमच्या सोसायटीची कमिटी. त्यामुळे जवळजवळ तीस वर्षे जोपासलेले काम वारस न नेमता सोडणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो, तो लपवण्यात अर्थ नाही.

पुढे काय झाले, तर काही महिने भाषेला धनीच नव्हता. मग मंडळींनी सात वेगवेगळ्या राज्यघटना मांडल्या. एकीत पुन्हा एकच प्रमुख, एकीत समिती, एकीत तर कोणीच नाही. २०१८ च्या डिसेंबरात मूळ संहितेत फेरफार करण्याचा हक्क असलेल्या विकासकांनी मतदान केले आणि पाच जणांचे सुकाणू मंडळ निवडण्याची योजना स्वीकारली. दर मोठ्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक. एका मालकाकडे नोकरी करणारे दोनांहून अधिक जण मंडळात नसावेत, अशी अटही त्यात आहे. ही अट मला अतिशय शहाणपणाची वाटते. सर्वांची म्हणवणारी वस्तू एका धनाढ्य कंपनीच्या खिशात अलगद कशी जाते, ते ओळखणाऱ्या माणसांनी ती लिहिली आहे. पहिल्या मंडळात गीडो स्वतः निवडून आला, दुसऱ्या खेपेला त्याने नाव मागे घेतले. २०२० मध्ये तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला गेला, पण राजा म्हणून नव्हे, एक कामकरी म्हणून.

हे सगळे गोडगोड चित्र आहे असे मी म्हणणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंडळाने आचारसंहितेच्या मुद्द्यावरून एका अतिशय ज्येष्ठ विकासकाला तीन महिन्यांसाठी दूर केले. भाषेच्या बालपणापासूनचा हा माणूस. आरोपांमध्ये तथ्य किती, यावर तिथल्याच लोकांत दुफळी पडली. मी दोन्ही बाजूंचे बरेच वाचले आणि तरी मला ठामपणे काही सांगता येत नाही. एवढेच वाटते, की राजाच्या काळात जे एका जेवणाच्या टेबलावर मिटले असते ते समितीच्या काळात कलमांवर गेले. समित्यांना कलमे लागतात. वयाने वडील माणसांशी कसे बोलावे याचे कलम मात्र अजून कोणत्याच घटनेत नीट लिहिले गेलेले नाही, आणि वडील माणसांनी कसे बोलावे याचेही.

पैशाचा प्रश्न त्याहून बिकट. मायक्रोसॉफ्टने पायथन वेगवान करण्यासाठी चांगली माणसे पगारावर नेमली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली ३.११ ही आवृत्ती मागच्या आवृत्तीपेक्षा सरासरी सव्वापट वेगवान झाली. मे २०२५ मध्ये त्याच कंपनीने नोकरकपात केली आणि त्या चमूतल्या अनेकांना घरी पाठवले. 'रस्ट' या भाषेच्या वाट्यालाही असेच आले होते. ऑगस्ट २०२० मध्ये तिला सांभाळणाऱ्या मोझिलाने सुमारे अडीचशे माणसे कमी केली, त्यात रस्टवर काम करणारेही होते. पुढच्या फेब्रुवारीत पाच कंपन्यांनी मिळून तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभे केले, म्हणून ती सावरली. पायथनच्या प्रतिष्ठानाचा वर्षाचा सारा खर्च सुमारे पन्नास लाख डॉलर आहे. जगभर जिच्यावर बँका आणि प्रयोगशाळा चालतात त्या भाषेच्या मानाने ही रक्कम किरकोळ म्हणायची. २०२५ च्या ऑक्टोबरात या प्रतिष्ठानाने अमेरिकी सरकारच्या विज्ञान संस्थेकडे केलेला पंधरा लाख डॉलरच्या अनुदानाचा अर्ज आपणहून मागे घेतला. अनुदानाबरोबर आलेल्या अटींत, विविध समाजघटकांना सामावून घेणारे उपक्रम संस्थेने कुठेच चालवू नयेत असे एक कलम होते. ते मान्य केले असते, तर आमच्यासारख्यांसाठी दार उघडे ठेवण्याच्या कामालाच कुलूप लागले असते. वार्षिक खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पैसा सोडून देणे सोपे नसते.

आता पुन्हा माझ्या 'पुणे'कडे येतो. देवनागरीचे शब्द तुटतात, ही तक्रार पायथनच्या तक्रारवहीत २००७ सालापासून नोंदलेली आहे. माझ्या आधी अठरा वर्षे कोणाला तरी तोच काटा बोचला होता! जगातल्या लिप्यांचे नियम ठरवणाऱ्या युनिकोडच्या शिफारशीतही काना-मात्रा शब्दाचा भाग धरावा असेच आहे. यावर उतारा म्हणून एका गृहस्थाने वेगळे साधन लिहून ठेवले आहे, ते जोडून घेतले की 'पुणे' अखंड राहते. माझी यादी मी त्यावरच पुरी केली. पण मूळ भाषेबरोबर जे साधन मिळते त्यात ही दुरुस्ती झालेली नाही. माझी नात ज्या पाठावरून शिकते, त्यात तेच मूळ साधन असते.

का झाली नाही? दुष्टावा म्हणावा तर मला कुठेच आढळला नाही. दोन कारणे दिसतात. एक, तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी पोळल्यामुळे ही मंडळी आता ताकही फुंकून पितात. आज जे चालते ते उद्या थोडे निराळे चालू लागले, तर कोणाचा तरी प्रोग्राम बिघडेल, ही भीती खरी आहे. दुसरे कारण आपल्याला जास्त लागू आहे. ज्याचा पाय त्या बुटात चावतो, तो बैठकीला नसतो.

पुण्या-मुंबईत या भाषेवर पोट भरणारी माणसे थोडी नाहीत. २०११ साली पायथनचे अखिल भारतीय संमेलन पुण्यातच भरले होते. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी पायथनमध्ये लिहिलेले 'मायावी' हे त्रिमित चित्रे काढणारे साधन जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. त्याच आयआयटीच्या प्रकल्पातून मराठीतले संगणक-पाठही तयार झाले आहेत. तेव्हा माणसे नाहीत असे नाही. पण मूळ भाषेत मराठीचे म्हणून जे दुखणे आहे ते मांडायला, त्याचा पाठपुरावा करायला, 'नाही' ऐकून पुन्हा कारणांसह उभे राहायला आपले किती जण जातात?

माझा एक भाचा एका मोठ्या कंपनीत आहे. त्याला हे सांगितले तर तो हसला. "मामा, आम्ही असल्या दुरुस्त्या आमच्यापुरत्या केव्हाच करून टाकल्या आहेत," म्हणाला. मग त्या वर का नाही पाठवल्या? तर कंपनीच्या करारात बसत नाही. नोकरीत लिहिलेली ओळ अन् ओळ कंपनीची. रात्री घरी बसून लिहिले तरी परवानगी लागते आणि परवानगी मागणाऱ्याकडे साहेब संशयाने पाहतो. म्हणजे ज्या विहिरीचे पाणी रोज उपसायचे, तिचा गाळ काढायला जाऊ द्यायचे नाही. तरुणांना मी फार दोष देत नाही. त्यांच्या आईवडिलांना, म्हणजे माझ्या पिढीला, देतो. मुलगा रात्री जागून काही लिहितो आहे असे दिसले, की आपला पहिला प्रश्न असतो, "याचे किती मिळणार?" हा प्रश्न मीही माझ्या मुलाला विचारला होता. त्याने नंतर तसले काही लिहिले नाही.

इंग्रजीची भीती हे आणखी एक कारण सांगतात. ते मला पटत नाही. तिथल्या प्रस्तावांचे कित्येक लेखक जर्मन, पोलिश, जपानी, कोरियन आहेत. त्यांची इंग्रजी माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी तांबड्या शाईने रंगवून टाकली असती. त्यांचे काम अडत नाही. तिथे विचारतात ते एवढेच, की अडचण नेमकी काय, उदाहरण काय आणि काय व्हायला हवे. यातले उदाहरण आपल्याशिवाय कोण देणार? हिंदीवाले देतील, असे म्हणून चालणार नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात डोंगर उतरतो, दुसऱ्यात जहाज चालते. हा अर्धा 'र' हिंदीत नाही. जुन्या मजकुरात तो उमटवण्यासाठी अक्षरांच्या मध्ये एक न दिसणारी जोडखूण घातलेली असते आणि शब्द तोडणारे यंत्र नेमके तिथेही तोडते. वाचनालयाच्या यादीत मला अशी पुष्कळ नावे सापडली. ही गोष्ट ॲमस्टरडॅमच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या माणसाला कळावी कशी? त्याने ती ओळखावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

नातीने आणि मी मिळून सध्या एक वही केली आहे. डाव्या बाजूला मराठी शब्द, मध्ये यंत्राने केलेले त्याचे तुकडे आणि उजवीकडे खरे काय व्हायला हवे ते. सुटी संपून ती गेली, तरी दर रविवारी फोनवर नवे शब्द येतात. इंग्रजीतला मजकूर ती लिहिणार आहे, उदाहरणे तपासायची ती मी. आतापर्यंत त्रेचाळीस शब्द झाले. मागच्या रविवारी तिने 'वाङ्मय' घातला. 'दुःख' घालायचा की नाही यावर आमचा वाद चालू आहे. विसर्ग आणि टंकताना त्याऐवजी घातलेला अपूर्णविराम डोळ्यांना सारखेच दिसतात आणि आमच्या कार्डांवरून मीच निम्म्या ठिकाणी चुकीचे टंकले आहे. आधी ती दुरुस्त करा, असे तिचे म्हणणे आहे. शंभर-सव्वाशे नावे असतील. उद्यापासून बसतो.